पदकांपेक्षा हजेरी महत्त्वाची

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद पटकावले. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे. असे यश मिळाले की गल्लोगल्ली उत्साह संचारतो. एखादे मंडळ मे महिन्याच्या सुट्टीत शिबिर जाहीर करते, मुलांची झुंबड उडते, समारोपाला प्रशस्तिपत्रके वाटली जातात आणि जून उजाडताच मैदानाचा पुन्हा वाहनतळ होतो. शिबिर भरविणे वेगळे आणि वस्तीतील मुलांसाठी वर्षभर क्रीडा उपक्रम चालविणे वेगळे. उपक्रम यशस्वी झाला की नाही, हे कपाटातील चषकांवरून नव्हे, तर मे महिन्यात आलेल्यांपैकी किती मुले ऑगस्टमध्येही येत आहेत, यावरून ठरते.

जागा थोडी, खेळाडू अधिक

शहरात मोकळी जागा दुर्मीळ असल्याने खेळाची निवड विचारपूर्वक करावी लागते. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते आणि त्यावर एका वेळी दोन्ही संघांची मिळून १२ मुले सामावली जातात. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान तर १३ बाय १० मीटरचे, तरीही त्यावर १४ खेळाडू असतात. दोन खांब, मोजपट्टी, शिटी, चुन्याची फक्की आणि प्रथमोपचार पेटी एवढ्या सामग्रीवर खो-खोचा सराव सुरू होऊ शकतो.

ही जागा बहुधा जवळच्या शाळेत सापडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळांसाठी ठरविलेल्या निकषांत क्रीडांगणाचाही समावेश आहे. मात्र शाळा सुटल्यावर अनेक ठिकाणी फाटकाला कुलूप लागते. तोंडी परवानगी मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर संपते. म्हणून दिवस, वेळ, किल्लीची जबाबदारी, पाणी, दिवे आणि स्वच्छता यांचा उल्लेख असलेला लेखी करार हवा. पावसाळ्यात मैदानावर चिखल होतो, त्या काळासाठी शाळेची पडवी वा सभागृह आधीच मागून ठेवावे. सराव दोन महिने बंद पडला, तर मुलांची सवय मोडते.

राखीव बाकाचा शाप

मुले गळण्याचे एक मोठे कारण मैदानावरच असते. चाळीस मुलांतून पंधरा जणांचा संघ निवडला जातो, प्रशिक्षकाचे लक्ष त्यांच्यावर केंद्रित होते आणि उरलेली पंचवीस मुले कडेला बसून टाळ्या वाजवितात. काही दिवसांनी ती येईनाशी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल आवश्यक आहे. कडेला बसलेल्या मुलाला त्यातले काहीच मिळत नाही. यावर उपाय सोपा आहे. चाळीस मुलांचे चार गट करावेत, गटांतील खेळाडू दर महिन्याला बदलावेत आणि प्रत्येक सरावात प्रत्येकाला धावावे लागेल अशी रचना करावी. स्पर्धेच्या संघासाठी वेगळा दिवस ठेवता येतो.

मुलींसाठी वेळ आणि विश्वास

आठवी-नववीत गेल्यावर मुलींची संख्या रोडावते. खेळाची गोडी कमी झाली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. प्रत्यक्षात कारणे साधी असतात : अंधार पडल्यावर संपणारा सराव, मैदानाजवळ स्वच्छतागृह नसणे, एकही महिला कार्यकर्ती नसणे. मुलींचा सराव उजेडात संपविणे, परतताना त्यांना गटाने पाठविणे आणि पालकांना मैदानावर केव्हाही येण्याची मुभा देणे या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. कोणत्याही प्रौढ व्यक्तीने बंद खोलीत एकट्या मुलाला वा मुलीला प्रशिक्षण देऊ नये, हा नियम सर्वांना लागू असावा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अशा घटनेची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घालतो. ‘मंडळाची बदनामी नको’ म्हणून प्रकरण मिटविणे हाही गुन्हा ठरतो. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मैदानावर ठळक अक्षरांत लावावा.

दुखापतीबाबतही असाच काटेकोरपणा हवा. डोक्याला मार लागल्यावर चक्कर, मळमळ वा गोंधळलेपणा जाणवला, तर त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. कबड्डीच्या वयोगटांत वजनाचीही मर्यादा असते. वजन भरू नये म्हणून वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवणे किंवा जन्मदाखल्यात फेरफार करणे म्हणजे एका चषकासाठी त्याचे आरोग्य आणि चारित्र्य दोन्ही पणाला लावणे होय.

पैसा आणि दुसरी फळी

खर्च एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसावर अवलंबून असेल, तर निवडणूक संपताच उपक्रम आटोपतो. परवडेल एवढी मासिक वर्गणी, तिची पावती, गरजू मुलांना गाजावाजा न करता सवलत आणि जमाखर्चाचा दर तीन महिन्यांनी पालकांसमोर हिशेब, ही पद्धत अधिक टिकाऊ ठरते. पुढे शासकीय साह्य वा देणग्या मिळवायच्या झाल्या, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडील नोंदणी आणि लेखापरीक्षण यांचा उपयोग होतो. त्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाशी संपर्क ठेवणेही हिताचे.

याहून कठीण प्रश्न माणसांचा. बहुतेक उपक्रम एका धडपड्या व्यक्तीभोवती उभे राहतात आणि तिची बदली, आजारपण वा संसार आडवा आला की थांबतात. सतरा-अठरा वर्षांच्या माजी खेळाडूंकडे लहान गट सोपविणे, त्यांना पंच परीक्षेस बसविणे, हजेरी आणि हिशेबाची कामे वाटून देणे, यातून दुसरी फळी तयार होते. दहावीच्या वर्षी सराव पूर्ण सोडायला लावण्याऐवजी आठवड्यातून दोनच दिवस बोलाविले, तर हीच मुले परीक्षेनंतर मदतीला परततात.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये स्थापन झाले. दोन्ही संस्थांनी शंभरी ओलांडली आहे. प्रत्येक वस्तीत एवढी मोठी संस्था उभी राहणार नाही आणि तशी गरजही नाही. आठवड्याचे चार दिवस ठरलेल्या वेळी उघडणारे फाटक, आखलेले मैदान आणि हजेरी घेणारे दोन जबाबदार कार्यकर्ते एवढे असले, तरी पुष्कळ मुलांचे बालपण रस्त्यावरून मैदानावर येऊ शकते. शाळेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, एवढी चौकशी करून कोणत्याही वस्तीला सुरुवात करता येईल.