‘गेट बॅक’ पाहिलं म्हणजे आल्बम बनताना पाहिला?

पीटर जॅक्सनचा जवळपास आठ तासांचा ‘गेट बॅक’ हा माहितीपट नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. तेव्हापासून बीटल्सचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘लेट इट बी’ हा आल्बम कसा झाला ते आता अथपासून इतिपर्यंत डोळ्यांनी पाहता येतं. नाही येत! तसा दावा जॅक्सनने केलेलाही नाही.

माहितीपट सुरू होतो २ जानेवारी १९६९ला, ट्विकनहॅमच्या फिल्म स्टुडिओत. चौघं तिथे गाणी बसवतात, कुरबुरतात आणि १० तारखेला जॉर्ज हॅरिसन सरळ उठून निघून जातो. तिथे वाजवलेला एकाही गाण्याचा टेक आल्बमवर नाही. असणार कसा? मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण तिथे होतच नव्हतं. होते ते चित्रीकरणासाठी आवाज टिपणारे नाग्रा कंपनीचे मोनो टेपरेकॉर्डर. पॉल मॅकार्टनी बासच्या तारा छेडत ‘गेट बॅक’ या गाण्याची चाल शोधून काढतो ते गाजलेलं दृश्य तालमीचं आहे. आपण आल्बमवर ऐकतो तो टेक २७ जानेवारीचा, सॅव्हिल रोवरच्या अ‍ॅपल या बीटल्सच्याच कंपनीच्या तळघरातला.

आता ‘आय मी माइन’ घ्या. ट्विकनहॅममध्ये या गाण्यावर जॉन लेनन आणि त्याची जोडीदार योको ओनो गिरक्या घेत नाचतात. छान दृश्य आहे. पण आल्बमवरचं गाणं ध्वनिमुद्रित झालं ३ जानेवारी १९७०ला, म्हणजे वर्षभराने, आणि त्या दिवशी जॉन स्टुडिओत नव्हताच. तिघांनी मिळून केलेलं गाणं भरलं जेमतेम दीड मिनिट. मग निर्माता फिल स्पेक्टरने टेपचा एक तुकडा पुन्हा जोडून ते सव्वादोन मिनिटांच्या पुढे नेलं. ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ तर फेब्रुवारी १९६८चं, या चित्रीकरणाच्या जवळपास वर्षभर आधीचं.

सगळ्यात मोठी फसगत गच्चीची. ३० जानेवारीला अ‍ॅपलच्याच गच्चीवर झालेल्या मैफलीतली तीन गाणी आल्बमवर आहेत, पण शेवटचं ‘गेट बॅक’ त्यांतलं नाही. ते संपल्यावर जॉनची जी थट्टा ऐकू येते ती मात्र गच्चीवरची. तळघरातल्या टेकला स्पेक्टरने गच्चीवरचं शेपूट चिकटवलं, आणि लोक पन्नास वर्षं ते गाणं मोकळ्या हवेतलं समजून ऐकताहेत. शंका असेल त्यांनी मार्क लुइसनचं १९८८चं पुस्तक काढून बघावं. स्टुडिओतल्या नोंदी तारीखवार दिल्या आहेत.

‘लेट इट बी’ गाण्याचंही तेच. मूळ टेक ३१ जानेवारीचा, कॅमेऱ्यासमोरचा. पण सिंगलवरचा गिटार सोलो भरला एप्रिल १९६९मध्ये आणि आल्बमवरचा जानेवारी १९७०मध्ये. गाणं एकच, सोलो दोन आणि दोन्ही वेळी हा माहितीपटवाला कॅमेरा नाही. १ एप्रिल १९७०ला स्पेक्टरने ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर वाद्यवृंद आणि कोरस चढवला, तेव्हा चौघांपैकी फक्त ड्रमर रिंगो हजर होता. पॉलला तो साज अजिबात रुचला नाही. २००३च्या ‘लेट इट बी... नेकेड’मध्ये तो नाही.

शिवाय जॅक्सनच्या हाती होतं साधारण ६० तासांचं चित्रीकरण आणि १५० तासांचा आवाज. म्हणजे कित्येक संभाषणांना चित्रच नाही. जॉन आणि पॉल जॉर्जबद्दल बोलतात ते उपाहारगृहात फुलांच्या कुंडीत लपवलेल्या माइकने टिपलेलं आहे. निवड करावी लागली, असं माहितीपटाच्या सुरुवातीलाच लिहून येतं. ती पाटी वाचायचे कष्ट कुणी घेत नाही, त्याला जॅक्सन काय करणार?

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘लेट इट बी’ शेवटी बाजारात आला, पण बहुतेक सगळा ध्वनिमुद्रित झाला ‘अ‍ॅबी रोड’च्या आधी. योकोने बँड फोडला म्हणणाऱ्यांनी ती माहितीपटात काय करते ते एकदा पाहावं: बराच वेळ वर्तमानपत्र वाचते. खरी भांडणं मॅनेजर कोण, या प्रश्नावर पेटली. आणि गच्चीवर कुणालाही अटक झाली नाही. पोलीस वर आले, साधारण ४२ मिनिटांनी वाजवणं थांबलं, एवढंच. रिंगोची मात्र निराशा झाली. पोलिसांनी आपल्याला ड्रम्सवरून ओढून न्यावं, अशी त्याची फार इच्छा होती आणि पुढे त्याने ती बोलूनही दाखवली.