मुलूख जिंकला, पण धर्म केव्हा बदलला?

इ. स. ६३६ मध्ये यर्मूकच्या लढाईत अरब फौजेने बायझंटाइन सैन्याचा पराभव केला आणि ६४२ पर्यंत सीरिया, पॅलेस्टाइन व इजिप्त हे तिन्ही ख्रिस्ती मुलूख खलिफांच्या हाती आले. इथपर्यंत वाद नाही. गैरसमज सुरू होतो तो पुढच्या विधानापासून: जिंकलेल्या लोकांपुढे इस्लाम किंवा मृत्यू एवढाच पर्याय ठेवला गेला आणि एका पिढीत सारा प्रदेश मुसलमान झाला. ही समजूत इतकी रुळलेली आहे की तिचा पुरावा कोणी मागतही नाही. राज्य तलवारीच्या जोरावर आले हे खरेच आहे. पण राज्य बदलणे आणि रयतेचा धर्म बदलणे यांत तिथे काही शतकांचे अंतर पडले. ते का पडले, हे त्या काळच्या करवसुलीकडे पाहिले की बरेचसे उलगडते.

व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इजिप्तमधला एक पपायरस जपून ठेवला आहे. एप्रिल ६४३, म्हणजे हिजरी सन २२. अब्दुल्ला इब्न जाबिर या अरब सरदाराने हेराक्लिओपोलिस परगण्यातून आपल्या सैनिकांसाठी ६५ मेंढ्या घेतल्या, त्याची ही पावती. मजकूर वर ग्रीकमध्ये, खाली अरबीत. मेंढ्या पुरवणारे स्थानिक अधिकारी ख्रिस्तोफोरस आणि थिओडोराकिओस हे ख्रिस्ती. ग्रीक मजकूर लिहिणारा योहान्नेस चर्चमधला डीकन. विजेत्याने लूट केली नाही, रीतसर पावती दिली आणि ती कारकुनी जुन्याच माणसांकडून करून घेतली. हे चित्र अपवादात्मक नाही. सीरिया आणि इजिप्तचे दप्तर पुढे जवळपास साठ वर्षे ग्रीक भाषेतच चालले. ते अरबीत आणण्याचे काम खलिफा अब्द अल-मलिकच्या काळात, इ. स. ७०० च्या आसपास सुरू झाले. दमास्कसच्या संत योहानाच्या घराण्याने खलिफांच्याच महसूल खात्यात नोकरी केली, आणि पुढे त्याच योहानाने इस्लामवर टीका करणारे लिखाण केले.

राज्यकर्त्यांना धर्मांतराची घाई नव्हती याचे रोकडे कारण जिझिया हे होते. हा कर मुसलमानेतर प्रौढ पुरुषांवर बसे आणि अरब सैनिकांचा तनखा अशाच करांतून निघे. माणूस मुसलमान झाला की त्याच्याकडून मिळणारे उत्पन्न बुडाले. म्हणून इराकचा सुभेदार अल-हज्जाज याने नव्याने मुसलमान होऊन शहरात आलेल्या शेतकऱ्यांना गावी परत धाडले आणि त्यांच्याकडून जुना कर वसूल करत राहिला. खलिफा दुसरा उमर (७१७–७२०) याला नवमुसलमानांचा जिझिया माफ करण्याचा हुकूम काढावा लागला, यातच सारे आले. धर्म बदलूनही कर सुटत नव्हता! सक्तीला मनाई करणाऱ्या कुराणातल्या आयतीचा दाखला या चर्चेत हमखास दिला जातो. पण धर्मग्रंथात काय लिहिले आहे आणि सुभेदाराने काय केले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर दप्तरातच शोधावे लागते.

यावर रास्त आक्षेप असा की करही जबरदस्तीच आहे. त्या काळच्या एका ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याने नेमका हाच प्रश्न हाताळला होता. पूर्वेकडील चर्चचा प्रमुख तिसरा ईशोयाहब (मृत्यू ६५९) एका पत्रात लिहितो की अरब आपल्या धर्माचे शत्रू नाहीत, उलट ते पाद्र्यांचा मान राखतात, चर्च आणि मठांना मदत करतात. मग ओमानचे ख्रिस्ती धर्म सोडून का गेले, असा त्याचा संतप्त सवाल आहे. त्यांच्यावर सक्ती झाली नव्हती, धर्म राखण्यासाठी निम्मी मालमत्ता द्यावी लागणार होती, आणि ती त्यांना सोडवली नाही, हे तोच सांगतो. निम्मी मालमत्ता ही साधी गोष्ट नव्हे, आणि तिला दडपण म्हणायलाच हवे. मात्र हे दडपण तलवारीसारखे काम करत नाही. ते घराघरांत, पिढ्यान्‌पिढ्या झिरपते. ज्याच्याकडे देण्यासारखे आहे तो टिकतो, गरीब आधी वाकतो.

म्हणून 'सक्ती नव्हती, सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते' हा उलट बाजूचा गैरसमजही मला तितकाच अमान्य आहे. खुद्द अरबस्तानात प्रेषितांच्या मृत्यूनंतर फुटलेल्या टोळ्यांना ६३२–३३ मध्ये लढूनच वळवण्यात आले. दमास्कसमधले संत योहान बाप्टिस्टाचे कॅथेड्रल पहिल्या वलीदने ताब्यात घेतले आणि त्या जागी उमय्यद मशीद उभी राहिली. खलिफा मुतवक्किलने ८५० मध्ये ख्रिस्ती आणि ज्यूंनी ओळखू येतील असे मधाच्या रंगाचे कपडे घालावेत असा हुकूम काढला. इजिप्तच्या त्रिभुज प्रदेशातल्या बश्मूरच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी करांविरुद्ध केलेला उठाव ८३२ पर्यंत निर्दयपणे चिरडला गेला. दुय्यम नागरिकत्व हे या व्यवस्थेचे अंगच होते.

तरीही संख्या हळूहळूच बदलली. अमेरिकी इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी १९७९ च्या ग्रंथात विद्वानांच्या चरित्रकोशांतल्या वंशावळी तपासल्या: कोणत्या पिढीत पर्शियन नाव जाऊन मुसलमानी नाव आले? त्यावरून इराणमध्येही धर्मांतराचा मोठा भर नवव्या शतकात येतो, म्हणजे विजयानंतर सुमारे दोनशे वर्षांनी. ही नावे शहरी, सुशिक्षित घरांतली आहेत, त्यामुळे खेड्यांत हा वेग आणखी कमीच असणार. इजिप्तमध्ये मुसलमान बहुसंख्य केव्हा झाले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण नववे शतक सांगतात, काही थेट चौदावे. एवढे मात्र दिसते की १३५४ मध्ये इजिप्तच्या तेव्हाच्या मामलुक सरकारने चर्च आणि मठांच्या ताब्यातली २५ हजार फेद्दान (तिथले जमिनीचे माप) जमीन जप्त केली. विजयाला सातशे वर्षे उलटल्यावरही जप्त करण्याजोगी एवढी जमीन इजिप्तच्या चर्चकडे उरली होती.