सिलिंडरचे होनिंग व रिंगांचे आयुष्य

विहिरीवरील डिझेल इंजिन निळसर धूर सोडू लागले, तेल अधिक पिऊ लागले आणि हँडल फिरविताना पूर्वीचा जोर लागेनासा झाला, म्हणजे सिलिंडर झिजल्याचा संशय घ्यावा. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाल्यानंतर महाराष्ट्रातील विहिरींवर अशा इंजिनांचा प्रसार वाढला. आज विजेचे व सौर पंप आले असले, तरी पुष्कळ ठिकाणी डिझेल इंजिने अद्याप चालू आहेत. झिजलेला सिलिंडर बोरिंग करून आणला जातो. परंतु त्यानंतरचे होनिंग कसे झाले, हे क्वचितच पाहिले जाते.

बोरिंगच्या हत्याराने आतील पृष्ठभागावर बारीक आटे राहतात. म्हणून मापात साधारण ५ ते १० शतांश मिलिमीटर धातू शिल्लक ठेवून तो होनिंगने काढतात. होनिंगच्या दांड्यावर घासदगडाच्या लांबट कांड्या बसविलेल्या असतात. दांडा गोल फिरतो व त्याच वेळी वरखालीही होतो. त्यामुळे एकमेकींना सुमारे ४५ अंशांत छेदणाऱ्या रेघा उमटतात. याने गोलाई व सरळपणा सुधारतो. मात्र बोरिंग मुळातच तिरपे झाले असल्यास होनिंगने ते सरळ होत नाही.

आरशासारखा चकचकीत सिलिंडर पाहून अनेकांचे समाधान होते. ती चूक होय. तेल धरून ठेवतात त्या रेघाच. त्या नसल्यास नव्या रिंगा नीट बसत नाहीत. रेघा फार आडव्या असल्यास तेल जास्त राहून जळते, फार उभ्या असल्यास ओघळून जाते.

सर्वांत अधिक हयगय होते ती धुण्यात. रेघांत दगडाचे कण व लोखंडाची भुकटी अडकलेली असते. नुसत्या रॉकेलने ती निघत नाही. कडक पाणी, साबण व ताठ केसांचा ब्रश घेऊन सिलिंडर घासावा. नंतर तेलात भिजविलेले पांढरे फडके आतून फिरवावे; त्यावर करडा डाग दिसल्यास पुन्हा धुवावे. हे कण तेलाबरोबर क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचतात व त्याही खातात. धुतल्यावर सिलिंडर लगेच वाळवून तेल लावावे, अन्यथा बिडाला गंज चढतो.

जोडणीनंतर इंजिन बराच वेळ विनाभार चालवू नये. पंप जोडून मध्यम भार द्यावा व निर्मात्याने सांगितलेल्या तासांनी पहिले तेल बदलावे.