सोमवारची पोटदुखी

मुलुंडमधील माझ्या दवाखान्यात एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन येत असे. तक्रार एकच, दर सोमवारी सकाळी पोट दुखते. ताप नाही, उलटी नाही, पोट मऊ. मी आधी जंतांचे औषध दिले, मग टॉनिक दिले. पोटदुखी काही थांबेना. खरे निदान मी केलेच नाही, ते केले चौथीच्या वर्गाच्या बाईंनी.

बाईंनी त्याची वही माझ्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी होती, ‘सोमवारी पहिल्या तासाला श्रुतलेखन असते.’ वहीत ‘घर’चे ‘धर’ झालेले, ‘भात’चा ‘मात’, वेलांट्या उलट्या, जोडाक्षरांतले अर्धे अक्षर गायब. तोंडी विचारले तर हाच मुलगा परिसर अभ्यासाची उत्तरे धडाधड देई. घरी मात्र चुकलेला प्रत्येक शब्द वीस वेळा लिहून घेतला जात होता. त्यात आईला काय दोष द्यायचा? पिढ्यान्‌पिढ्या हेच औषध आपल्याला ठाऊक!

वाचकहो, याला अध्ययन अक्षमता म्हणतात. त्यातील वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया असे नाव आहे. अशा मुलाची बुद्धी चांगली असते, पण अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड घालताना मेंदूला फार सायास पडतात. यावर गोळी नाही. बरेचदा हा दोष घराण्यात आढळतो. या मुलाचे वडील नंतर हळूच म्हणाले, “डॉक्टर, माझेही असेच होत असे.”

प्रथम डोळे आणि कान तपासून घेतले. मग शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात रीतसर चाचण्या झाल्या.

बाईंच्या वर्गात साठ मुले. तरी त्यांनी त्याला पहिल्या बाकावर घेतले. फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी शेजाऱ्याची वही पाहण्याची मुभा दिली. मोठ्याने वाचायचा उतारा त्या आदल्या दिवशीच सांगून ठेवत, म्हणजे चारचौघांत फजिती नको. रोज दहा मिनिटे एकच जोडाक्षर घ्यायचे: आधी तोंडाने फोड करायची, मग बोटाने रांगोळीत गिरवायचे आणि शेवटी वहीत लिहायचे. परिसर अभ्यासाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापणे त्यांनी बंद केले. मला हे सर्वांत मोलाचे वाटते, कारण तो पेपर ज्ञानाचा होता, वेलांटीचा नव्हता. दिवाळीनंतर सोमवारची पोटदुखी थांबली. वाचन अजून संथच आहे.

अशा मुलांना परीक्षेत सवलती देणारा शासन निर्णय महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, 1996 साली काढला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अक्षमतेचा समावेश आहे. जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते. पक्के निदान साधारण आठव्या वर्षानंतर होते. दहावी तोंडावर येईपर्यंत मात्र थांबू नये. गावाकडील पालकांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी आणि जाताना मुलाच्या जुन्या वह्या बरोबर न्याव्यात, खाडाखोड असेल तशाच.