बुडी मारण्यापूर्वीचे ते दीर्घ श्वास

उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकला रामकुंडापासून गांधी तलावापर्यंत गोदाघाटावर पोरांच्या ज्या पैजा लागतात, त्यांत पाण्याखाली कोण अधिक वेळ राहतो ही पैज ठरलेली. आणि बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेऊन ‘छातीत प्राणवायू साठवून घे’ असा जो सल्ला थोरला भाऊ धाकट्याला मोठ्या खात्रीने देतो, तो ज्या समजुतीवर उभा आहे ती मी इतक्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडून ऐकली आहे, की तिचा समाचार एकदा सविस्तर घेणे प्राप्त झाले आहे. रक्तातील प्राणवायू कमी झाला की मेंदूला त्याची वर्दी जाते आणि म्हणून आपण श्वास घेतो, अशी ती समजूत.

वस्तुस्थिती अशी, की निरोगी माणसाच्या नित्याच्या श्वसनाचा कारभार प्राणवायूवर नव्हे, तर कार्बन डायऑक्साइडवर चालतो. मेंदू जेथे मज्जारज्जूला मिळतो तेथील लंबमज्जेत, तिच्या पृष्ठभागालगत, अशा पेशी आहेत ज्यांना या वायूमुळे भोवतालच्या द्रवात वाढणारी आम्लता तत्काळ जाणवते. हॉल्डेन आणि प्रीस्टली या संशोधकांनी १९०५ साली दाखवून दिले, की फुप्फुसांतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अवघे ०.२ टक्क्याने वाढले तरी श्वसन जवळजवळ दुप्पट होते. उलट श्वासावाटे आत घेतलेल्या हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत श्वसनात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. प्राणवायूवर नजर ठेवणारी ठाणी मानेतील रोहिण्यांपाशी आहेत, त्यांच्या कार्याच्या शोधाबद्दल हेमान्स या संशोधकाला १९३८ सालचे नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु ती ठाणी नेटाने हाक देतात ती प्राणवायू बराच घटल्यावर.

आता त्या पोराकडे पाहा. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९७-९८ टक्के भरलेले असते, तेव्हा साठवायला जागा जवळजवळ नाहीच. भराभर श्वासांनी होते ते एवढेच, की कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. परिणामी पाण्याखाली गुदमरल्याची जाणीव, जी त्याला वर आणणार होती, ती लांबते. मधल्या वेळात प्राणवायू संपत जातो, आणि कसलीही घुसमट न होता, हातपाय न झाडता, मुलाची शुद्ध हरपते. बेशुद्धीत लंबमज्जा श्वासाचा हुकूम सोडते तेव्हा आत जाते ते पाणी. पट्टीचे पोहणारे असे बुडतात, आणि काठावरच्या माणसांना वाटत राहते की पोरगा पैज जिंकतो आहे! हे माहीत असूनही जो शिकवणारा दीर्घ श्वासांचा आग्रह धरतो, त्याच्या हाती मुले सोपवू नयेत असे मी स्पष्टपणे म्हणेन.

एवढ्यावरही ज्यांना शंका असेल त्यांनी २०२१ साल आठवावे. त्या वर्षी २१ एप्रिल रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. प्राणवायूवाचून जीव जातो हे नाशिककरांना कोणी सांगण्याची गरज उरलेली नाही. परंतु त्याच कोविडच्या साथीत, बोटाला लावलेले यंत्र ऐंशीच्या घरातला आकडा दाखवीत असताना, ‘मला काही होत नाही’ म्हणत खाटेवर बसून बोलणारे रुग्णही डॉक्टरांनी पाहिले. फुप्फुसे आजारी असूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता, म्हणून धाप बहुतांशी लागत नव्हती. देहाला निकड ज्या वायूची, मेंदूकडे जाणारी वर्दी त्याची नव्हे, हा भेद तेव्हा पुष्कळांना प्राणाशी गाठ पडल्यावर कळला.

प्राणायामाने रक्तात जादा प्राणवायू शिरतो, ही याच समजुतीची धाकटी बहीण. तिचे निरसन परक्या कोणी नव्हे, लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनीच प्रयोगशाळेत श्वासातील वायूंचे मापन करून केले, आणि प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र शोधावे असे मत मांडले.

फुप्फुसे हृदयासारखी आपणहून चालतात, हेही खरे नाही. हृदयाला स्वतःचा ताल आहे. श्वासाचा ताल लंबमज्जेतील एका लहानशा पेशीपुंजात उपजतो, हे १९९१ साली सिद्ध झाले, आणि मानेतून निघालेल्या मज्जातंतूंवाटे तो श्वासपटलापर्यंत पोहोचतो. मानेला वरच्या बाजूस जबर इजा झाली तर फुप्फुसे धडधाकट असूनही श्वास थांबतो तो यामुळेच.

घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याची बोटे मुंग्या येऊन वाकडी होतात ती प्राणवायूच्या अभावाने नव्हे, कार्बन डायऑक्साइड उतरल्याने. त्याला ‘मोठा श्वास घे’ नव्हे, ‘सावकाश घे’ म्हणावे.

राहता राहिले रडता रडता श्वास कोंडून निळे पडणारे तान्हे मूल. ते हट्टाने असे करीत नाही, आणि शुद्ध हरपली तरी मेंदू श्वसनाची सूत्रे हाती घेऊन बहुधा मिनिटाच्या आत श्वास पुन्हा सुरू करतो. त्याला गदागदा हलवू नये, तोंडात बोटे घालू नयेत, कुशीवर निजवावे. पहिल्यांदाच असे घडले तर डॉक्टरांना दाखवावे, आणि वारंवार होत असेल तर रक्तातील लोह तपासून घ्यावे.