शिडाच्या प्रवासी नौकेची निवड : मोठी की लहान?

प्रस्तावना :
दीर्घ सागरी प्रवासासाठी शिडाची नौका निवडताना पहिला प्रश्न लांबीचा असतो. मोठी नौका सुरक्षित, तर लहान नौका सोपी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस शिपयार्डने बांधलेल्या दोन नौकांच्या आधारे प्रस्तुत लेखात या समजुतीचा विचार केला आहे. 56 फुटी ‘म्हादेई’ 2009 मध्ये नौदलात दाखल झाली, तर 32 फुटी ‘तुरिया’ 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी बांधण्यात आली.

लांबी, वेग व वजन :
नौका पाणी कापताना स्वतःच लाट निर्माण करते व त्या लाटेमुळे तिच्या वेगास मर्यादा पडते. जलरेषेची लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळास 1.34 ने गुणिले असता हा वेग स्थूलमानाने नॉटमध्ये मिळतो. 25 फुटांस तो 6.7, तर 49 फुटांस 9.4 येतो. म्हणजे लांबी जवळजवळ दुप्पट होऊनही वेग दीडपटही वाढत नाही. याउलट सर्व मापे दुप्पट केल्यास शिडाचे क्षेत्रफळ चौपट व वजन आठपट होते. खर्च, दोरखंड व नांगर यांचा भार त्याच प्रमाणात वाढतो. खलाशाच्या हातातील बळ मात्र तेवढेच राहते.

मनुष्यबळ :
तरीही ‘म्हादेई’ एकट्याने हाकता येते. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये चार थांबे घेऊन, तर अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये विनाथांबा तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच आराखड्याच्या ‘तारिणी’वर 2017-18 मध्ये सहा, तर 2024-25 मध्ये दोनच महिला अधिकारी होत्या. मात्र हे सर्व प्रशिक्षित नौदल अधिकारी होते. स्वयंचलित सुकाणू व विंच निकामी झाल्यास मोठे शीड हातानेच आवरावे लागते, ही बाब विसरता येत नाही.

वादळातील कसोटी :
‘तुरिया’ ही मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ची प्रतिकृती होय. याच 32 फुटी ‘सुहैली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1969 मध्ये पहिली एकट्याची विनाथांबा प्रदक्षिणा पूर्ण केली. परंतु सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ‘तुरिया’ उलटली, तिच्या डोलकाठ्या मोडल्या व टॉमी यांच्या पाठीस गंभीर दुखापत झाली. नौकेच्या लांबीच्या सुमारे 55 टक्के उंचीची फुटणारी लाट आडवी आदळल्यास बहुतेक नौका उलटतात, असे प्रतिकृतींवरील चाचण्यांतून दिसले आहे. 32 फुटांसाठी ही उंची सुमारे 18 फूट, तर 56 फुटांसाठी 31 फूट येते. दक्षिण महासागरात 18 फुटी लाट दुर्मीळ नाही. तथापि टॉमी यांनीच 36 फुटी नौकेतून 2023 मध्ये तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली. त्यामुळे लहान नौका सर्वथा अयोग्य ठरत नाही.

समारोप :
निवडीस दोन मर्यादा आहेत. मार्गावरील सर्वांत वाईट समुद्र सोसेल त्याहून नौका लहान नसावी. आणि थकलेल्या खलाशास रात्री शीड उतरविता येईल त्याहून मोठी नसावी. कोकणच्या उथळ खाड्यांतून बंदरोबंदरी फिरण्यास लहान नौकाच सोयीची ठरते. या दोन मर्यादांत मेळ बसत नसेल, तर नौका नव्हे, मार्ग अथवा खलाशांची संख्या बदलणे हेच शहाणपणाचे होय.