बीटी असूनही बोंडात अळी कशी?

फैजपूर : यावल-रावेर पट्ट्यात पाण्याची सोय असलेले शेतकरी मेअखेर बागायती कापूस लावतात. सप्टेंबरात बोंडात अळी दिसली की बियाणं बोगस म्हणून मोकळे होतात. दरवेळी तसं नसतं.

बीटीचं जनुक झाडाच्या प्रत्येक पेशीत असतं. ते चालू ठेवणारी कळ फ्लॉवरच्या एका विषाणूतून घेतलेली, कायम चालू राहील अशी. पण कळ चालू असली तरी विष सगळीकडे सारखं तयार होत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एका जनुकाच्या बीटी वाणांची मोजणी प्रसिद्ध केली. विष पानांत सर्वात जास्त, तर फुलातल्या बीजकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वात कमी निघालं. अळी नेमकी तिथंच तोंड घालते! पेरणीनंतर ११० दिवसांनी तर ते अमेरिकन बोंडअळी मरण्याच्या पातळीखाली गेलं. मेअखेरच्या कापसाचे ११० दिवस सप्टेंबरच्या मध्यात भरतात.

२००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं, पण गुलाबी बोंडअळीला आता दोन्ही विषं पचतात. फरदड ठेवली की तिला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं. म्हणून वावरात एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, की फवारणीची वेळ झाली.